गळक्या छपराला दाता नाही

१८०० साली लंडनच्या बेथलेम इस्पितळाच्या कारभारी मंडळापुढे त्यांचे सर्वेक्षक जेम्स लुइस यांनी एक अहवाल ठेवला. भिंती मजबूत नाहीत, ओळंब्यात नाहीत आणि पातळीतही नाहीत, अशी त्यात नोंद होती. विटांचे बांधकाम खोदलेल्या पायातून वर आलेलेच नव्हते. तळमजल्याच्या जमिनीखाली अवघ्या काही इंचांवर, मातीच्या पृष्ठभागावरच त्याचा पहिला थर बसवला होता. त्या मातीचा काही भाग म्हणजे शहराच्या तटाबाहेरचा जुना खंदक, आणि खंदक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या केरकचरा लोटण्याची जागा. असल्या भरावावर पाचशे फुटांहून लांब इमारत उभी होती आणि तिच्या डोक्यावर भिंतींना न पेलणारे छप्पर होते. अत्यावश्यक डागडुजीपलीकडे या वास्तूवर आता एक पौंडही घालणे शहाणपणाचे नाही, असा लुइस यांचा सल्ला होता. मनोरुग्णांच्या या इस्पितळात रोग्यांची बरे होण्याजोगे आणि असाध्य अशी वर्गवारी चाले. लुइस यांनी इमारतीलाच दुसऱ्या वर्गात बसवले.

हा अहवाल वाचणारे बहुतेक जण दोष ठेवतात तो घाईघाईच्या बांधकामावर, आणि लुइस यांनीही तेच केले. मूळ आराखड्यावर त्यांनी बोट ठेवले नाही, मागाहून जोडलेल्या भागांवरही ठेवले नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मरून गेलेल्या गवंड्यांवर खापर फोडले की हयात असलेल्या कुणाचीच अडचण होत नाही. पण गवंडी बेफिकीर होते हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच. पायाच नसलेली इमारत इतकी वर्षे वापरात होती, तिच्यावर देखरेख करायला प्रतिष्ठित नागरिकांचे मंडळ होते, मंडळाच्या पदरी सर्वेक्षक होता, आणि तरीही ती तिच्यावर खर्च करण्यातही अर्थ नाही अशा अवस्थेला कशी पोचली? याचे उत्तर पैसा कसा आला आणि कशासाठी आला यात सापडते. धर्मादाय इस्पितळ बांधायला पैसा मिळतो, ते उभे ठेवायला मिळत नाही. दाते कंजूष असतात म्हणून हे घडत नाही. दानाच्या व्यवहारातच बांधकाम हा एकदाचा पराक्रम आणि दुरुस्ती ही कुणाची तरी रोजची कटकट अशी फारकत झालेली असते, म्हणून घडते.

बेथलेमची सुरुवात १२४७ सालची. सायमन फिट्झमेरी या लंडनच्या धनिकाने बिशपगेटच्या वेशीबाहेर आपली जमीन एका ख्रिस्ती मठाला दिली. मठाचे हळूहळू इस्पितळ झाले, आणि १४०३ च्या चौकशीच्या कागदपत्रांत तिथे मनोरुग्ण असल्याची नोंद आहे. ती चौकशी झाली ती व्यवस्थापकाच्या अफरातफरीबद्दल. म्हणजे या संस्थेतल्या वेड लागलेल्या माणसांचा पहिला ठळक उल्लेख हिशेबाच्या भानगडीतून आलेला आहे. १५४७ मध्ये इस्पितळ लंडन शहराच्या ताब्यात आले. १५९८ मध्ये तपासणी झाली तेव्हा जागा इतकी घाण होती की आत पाऊल ठेववत नव्हते, आणि मैल्याचे तळघर कित्येक दिवस उपसलेले नव्हते. पुढेही पाऊण शतक त्याच जुन्या वास्तूत, साठेक रोग्यांची दाटी करून कारभार चालला. १६६६ च्या महाआगीने अर्धे लंडन खाक केले, पण बिशपगेटपर्यंत ज्वाळा पोचल्या नाहीत आणि जुने बेथलेम वाचले. १६७४ मध्ये कारभाऱ्यांनीच ठरवून टाकले की ही जागा जुनी, कमकुवत, मोडकळीला आलेली आणि अपुरी आहे. चारशे वर्षांच्या वापराचा हिशेब चार विशेषणांत मिटला आणि नव्या इमारतीची तयारी सुरू झाली.

नवी जागा शहराने दिली. मुअरफील्ड्सच्या दक्षिण कडेला, जुन्या तटाला लागून असलेली लांबट, अरुंद पट्टी ९९९ वर्षांच्या कराराने आणि वर्षाला एक शिलिंग भाड्याने मिळाली. जवळजवळ फुकटच. पण याच पट्टीखाली तो खंदक होता. जमिनीवर वाचलेला पैसा खरे तर पायात घालायला हवा होता. खंदकातला भराव उपसून कठीण थरापर्यंत जाणे, नाही तर लाकडी खुंट ठोकून त्यांवर पाया धरणे, या गोष्टी त्या काळच्या बांधकाम करणाऱ्यांना नवीन नव्हत्या. मात्र पायात गेलेला पैसा डोळ्यांना दिसत नाही. इमारतीची रचना केली रॉबर्ट हूक यांनी. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पिसवेचे चित्र ज्यांच्या पुस्तकात आहे, स्प्रिंगच्या ताणाचा नियम ज्यांच्या नावाने शाळेत शिकवला जातो, तेच हे हूक. कमानीचा भार कसा वाहतो याचे सूत्र त्यांनी अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात छापले, तेही याच बांधकामाच्या सुमारास. भार आणि आधार यांच्या नात्याबद्दल त्या काळी युरोपात त्यांच्याइतके जाणणारे फार थोडे असतील. तरीही काम १६७५ च्या उन्हाळ्यात सुरू होऊन १६७६ च्या ऑगस्टमध्ये रोगी आत येण्याजोगे झाले. खर्च झाला सुमारे १७,००० पौंड. लांबी ५४० फूट, रुंदी ४०, दर्शनी बाजूला कोरिंथियन पद्धतीचे अर्धस्तंभ, पुढे बाग, आणि फाटकावर कायस गॅब्रिएल सिबर यांनी पोर्टलंडच्या दगडात घडवलेल्या दोन मूर्ती, एक खिन्नतेची आणि एक उन्मादाची. फ्रान्सच्या राजवाड्याची ही नक्कल पाहून चौदावा लुई चिडला, अशी आख्यायिका लंडनकर पुढे बरीच वर्षे सांगत. ती खरी असायची काही गरज नाही. इस्पितळाची तुलना राजवाड्याशी व्हावी, इतकाच तिचा उद्देश होता आणि तो साधला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. दर्शनी थाट ही निव्वळ उधळपट्टी कशी म्हणायची? बेथलेमला कराचा आधार नव्हता. त्याची भिस्त देणग्या, मृत्युपत्रे, स्वतःच्या मालमत्तेचे भाडे आणि रोगी पाहायला येणाऱ्यांनी दानपेटीत टाकलेली नाणी यांवर होती. ज्या इमारतीकडे पाहून श्रीमंताला आपले नाव इथे असावे असे वाटेल, ती इमारत स्वतःच पैसे मिळवून देते. अर्धस्तंभ ही त्या अर्थाने गुंतवणूक होती. हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. पुढच्या शतकात देणग्या खरोखरच आल्या, आणि १७२० व १७३० च्या दशकांत दोन्ही टोकांना असाध्य रोग्यांसाठी नवे भाग उभे राहिले. पण त्यातच या युक्तिवादाचा दुबळा अर्धा दडलेला आहे. दर्शनी भागाकडे पाहून आलेला पैसा आणखी दर्शनी भाग बांधायलाच आला. मृत्युपत्रात कुणी असाध्य रोग्यांसाठी नवा विभाग लिहितो, मधल्या इमारतीचे छप्पर हलके करून द्या असे लिहीत नाही. परिणामी खंदकावर तरंगणाऱ्या वास्तूच्या दोन टोकांवर आणखी वजन चढले, आणि ज्यामुळे तडे जाणार होते त्यालाच औदार्य म्हटले गेले. रोगी पाहायला येणाऱ्यांची ये-जाही १७७० नंतर चिठ्ठीशिवाय बंद झाली. ते योग्यच झाले, कारण माणसांचा तमाशा मांडून पैसे जमवणे लाजिरवाणे होते. मात्र दानपेटीतल्या नाण्यांवर कुणाचे नाव नसते आणि ती कुठल्याही कामाला लावता येतात. असा मोकळा पैसा त्यामुळे आणखी आटला.

१७९१ मध्ये तेव्हाचे सर्वेक्षक हेन्री हॉलंड यांनी दोषांची लांबलचक यादी मंडळाला सादर केली. बांधकामातले दोष होते तसाच अस्वच्छतेचाही मुद्दा होता. दुरुस्तीला पाच वर्षे आणि ८,६६० पौंड लागतील, असा त्यांचा अंदाज होता. मंडळाने त्यातला थोडासाच भाग मंजूर केला. तीन वर्षांत कळून चुकले की अंदाजच फार कमी धरला होता. हॉलंड काही नवखे नव्हते. युवराजासाठी कार्लटन हाउस सजवणारा, नाणावलेला वास्तुकार होता तो. पण दुरुस्तीचा अंदाज नेहमी उघड्या भागावरून बांधावा लागतो. गिलावा काढल्यावर आत काय निघेल, तुळईचे टोक भिंतीत कितपत कुजलेले असेल, हे काम सुरू झाल्याशिवाय कळत नाही. जुना वाडा दुरुस्त करायला घेतलेल्या कुणाही घरमालकाला हे सांगावे लागणार नाही. म्हणून दुरुस्तीचे अंदाजपत्रक अर्धे मंजूर करण्यात जितका धोका असतो तितका नव्या बांधकामाचे अर्धे मंजूर करण्यात नसतो. नवे काम अर्धे राहिले तर अर्धी इमारत मिळते. अर्धवट दुरुस्तीत उघडे पडलेले लाकूड आणि भिंत पावसाच्या हवाली होते आणि पैसा गेल्याचे समाधान तेवढे उरते. त्यात १७८४ पासून इंग्लंडात विटांवर कर लागला होता आणि १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले. मंडळाने काम पुढे ढकलले ते महाग होत जाणाऱ्या काळात.

ढकललेल्या दुरुस्तीची किंमत पौंडांत मोजायची सवय आहे, पण बेथलेममध्ये ती माणसांत मोजता येते. १८०० मध्ये इस्पितळात २६६ रोगी होते. १८१४ पर्यंत ते ११९ उरले. लंडनमधले मनोरुग्ण या चौदा वर्षांत निम्मे झाले नव्हते. इमारतीचे धोकादायक भाग रिकामे होत गेले, स्थलांतर होणार म्हणून नव्या रोग्यांना जागा मिळेना, आणि धर्मादाय खाट नाकारलेला माणूस खासगी वेडखान्यात, कामघरात किंवा घरच्याच एखाद्या कोंदट खोलीत गेला. नव्या जागेसाठी शहराशी वाटाघाटी चालल्या, १८१० मध्ये साउथवर्कमधल्या सेंट जॉर्जेस फील्ड्सची जागा ठरली, १८१२ मध्ये काम सुरू झाले आणि १८१५ च्या ऑगस्टमध्ये भाड्याच्या बग्ग्यांतून सव्वाशेच्या आतबाहेर रोगी तिकडे हलवले गेले. नवी इमारत लुइस यांनीच बांधली. तिला लाखाहून बराच अधिक, सव्वा लाख पौंडांच्या घरात खर्च आला, आणि त्यातला मोठा वाटा सरकारी तिजोरीतून द्यावा लागला.

आता कुणी म्हणेल की ८,६६० आणि सव्वा लाख हे आकडे शेजारी मांडणे ही चलाखी आहे. मान्य. दुसऱ्या आकड्यात युद्धकाळची महागाई आहे, मोठी जागा आहे, नवे बांधकाम आहे. हॉलंड यांचे पैसे पूर्ण दिले असते तर पायाचा दोष मिटला असता असेही नाही. कचऱ्यावर बसवलेली भिंत गिलाव्याने सरळ होत नाही. शिवाय १३९ वर्षे उभ्या राहिलेल्या इमारतीला फसलेली तरी कसे म्हणायचे? यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. इमारत पाडायची की राखायची हा निर्णय कुठल्याही बाजूने लागू शकतो आणि वैद्यकातल्या गरजा बदलल्या की पाडणे शहाणपणाचेही ठरते. पण पाडायचे ठरल्यापासून नवी जागा मिळेपर्यंत बेथलेमला पंधरा वर्षे लागली, आणि त्या पंधरा वर्षांत रोगी जुन्याच भिंतींच्या आत राहत होते. मरणपंथाला लागलेल्या इमारतीलाही शेवटच्या दिवसापर्यंत गळू न देण्याचा खर्च असतोच. पाडायचेच आहे तर पैसा कशाला घालायचा, हे वाक्य हिशेबाच्या वहीत बरोबर दिसते. त्या छपराखाली झोपलेल्यांच्या बाजूने पाहिले तर ते निर्दयी आहे. आणि नव्या इमारतीने तरी काही धडा घेतला का? तिच्या दर्शनी भागाला स्तंभांची ओळ आली, पुढे घुमटही उंचावला. पण १८१५ मध्ये रोगी आत गेले तेव्हा वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना काचाच नव्हत्या. तळघरातून वाफेने ऊब द्यायची सोय केलेली होती. ती ऊब उघड्या खिडक्यांतून बाहेर जात होती.

याच्या उलट मार्ग अटलांटिकपलीकडे फिलाडेल्फियात काही वर्षे चालून पाहिला गेला. तिथे डॉक्टर थॉमस बाँड यांची कल्पना आणि बेंजामिन फ्रँकलिन यांची खटपट यांतून १७५१ मध्ये पेन्सिल्व्हेनिया इस्पितळाचा कायदा झाला. प्रांतिक विधिमंडळातल्या खेड्यापाड्यांच्या प्रतिनिधींना हे शहरवाल्यांचे प्रकरण वाटत होते. फ्रँकलिन यांनी अशी अट सुचवली की नागरिकांनी आधी २,००० पौंड जमवावेत, ते जमले तरच विधिमंडळाने आणखी २,००० द्यावेत. विरोधकांना वाटले, हे जमणार नाहीत, तेव्हा औदार्याचे श्रेय फुकटात घ्यावे; देणाऱ्यांना वाटले, आपला एक पौंड दोन पौंडांचे काम करील. ही युक्ती फ्रँकलिन यांच्या चरित्रात मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. कायद्याचा खरा शहाणपणा मात्र दुसऱ्या कलमात आहे, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. नागरिकांनी जमवलेली मूळ रक्कम बांधकामावर खर्चायचीच नव्हती. ती व्याजाने लावायची आणि फक्त व्याजातून गरीब रोग्यांचा खर्च चालवायचा. इमारत, सामानसुमान यांसाठी पैसा होता तो विधिमंडळाचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून दोन थैल्या वेगळ्या: बांधण्याची एक, चालवण्याची दुसरी, आणि चालवण्याची थैली आधी भरलेली.

त्याचा परिणाम आराखड्यावर झाला. सॅम्युएल रोड्स यांनी मध्यभाग आणि दोन बाजू अशी संपूर्ण इमारत कागदावर आखली, पण बांधायला घेतली फक्त पूर्वेची बाजू. १७५२ मध्ये भाड्याच्या घरात रोगी घ्यायला सुरुवात झाली होती. १७५५ मध्ये कोनशिला बसली आणि पुढच्या वर्षाअखेरीस पूर्वेची बाजू वापरात आली. पश्चिमेची बाजू तयार व्हायला १७९६ उजाडले आणि मधला, सर्वांत देखणा भाग १८०४ मध्ये पुरा झाला. अर्धे शतक या इस्पितळाला दर्शनी भागच नव्हता. कारभाऱ्यांच्या घरोघरी दानासाठी पत्र्याच्या पेट्या ठेवलेल्या असत. बेथलेमने आधी राजवाडा बांधला आणि मग त्यात राहायचे कसे याचा विचार केला; फिलाडेल्फियाने उत्पन्नाच्या मापाने खोल्या बांधल्या. त्यातली पूर्वेची बाजू आजही उभी आहे.

तरी फिलाडेल्फियाची गोष्ट आदर्श म्हणून टांगून ठेवावी अशी नाही. व्याजाने लावलेला निधी गहाणखतांत होता. स्वातंत्र्ययुद्धात कागदी चलनाची किंमत कोसळली तेव्हा ऋणकोंनी त्याच कवडीमोल कागदात कर्जे फेडली आणि मुद्दल वितळले. १७७७-७८ मध्ये ब्रिटिश फौजेने शहर व्यापले तेव्हा इस्पितळाचाही ताबा घेतला. कायम निधी म्हणजे अमरपट्टा नव्हे, हा एक धडा. दुसरा अधिक बोचरा आहे. काटकसरीने टप्प्याटप्प्याने बांधण्याची किंमत कुणीतरी मोजत होते, आणि ते होते तळघरातल्या कोठड्यांतले मनोरुग्ण. १७८९ मध्ये डॉक्टर बेंजामिन रश यांनी व्यवस्थापकांना लेखी कळवले की या कोठड्या हिवाळ्यात ओलसर असतात आणि उन्हाळ्यात तापतात. पश्चिमेची बाजू उभी राहायला त्यानंतरही सात वर्षे गेली. तेव्हा निधी राखून ठेवणाऱ्याला कुणीही विचारू शकतो: माणसे आज मरत असताना तू उद्याच्या कौलांसाठी पैसे बांधून ठेवतोस? या प्रश्नाला सोयीचे उत्तर नाही. इतकेच म्हणता येते की बेथलेमने आजचा पैसा आजच्या रोग्यावर खर्चला नव्हता, अर्धस्तंभांवर खर्चला होता. निवड क्वचितच रोगी की कौल अशी असते. बहुधा ती कौल की कमान अशी असते, आणि कमान जिंकते.

मुंबईत तिसरा मार्ग निघाला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी इस्पितळासाठी लाखाची देणगी देऊ केली ती ईस्ट इंडिया कंपनीनेही तितकीच रक्कम घालावी या अटीवर. फ्रँकलिन यांच्या युक्तीशी साम्य आहे, पण ते उसने घेतलेले म्हणायला आधार नाही. कंजूष सरकारला बांधून घ्यायची रीत व्यापाऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही. ३ जानेवारी १८४३ रोजी भायखळ्याला कोनशिला बसली आणि १८४५ मध्ये जेजे इस्पितळ सुरू झाले, त्याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजही. जमशेटजींच्या कुटुंबाने बांधून दिलेला माहीमचा बांधरस्ताही त्याच वर्षी खुला झाला, आणि त्यावर सरकारने टोल घेऊ नये अशी अट होती. ही अट लोकांच्या सोयीची होतीच. शिवाय रस्त्याची पुढची निगा कायमची सरकारच्या गळ्यात बांधणारीही होती. पुढच्या मुंबईकर दात्यांनी हाच कित्ता गिरवला. १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा इस्पितळासाठी पेस्तनजी होरमसजी कामा यांनी पैसा दिला, तिथे स्त्री डॉक्टरच असाव्यात आणि इस्पितळ सरकारने चालवावे या अपेक्षेने. एडिथ पीची विलायतेहून त्यासाठी आल्या. १९२६ च्या केईएम इस्पितळामागे शेठ गोरधनदास सुंदरदास यांची देणगी आणि भारतीय डॉक्टरच नेमावेत ही अट होती. चालवायची जबाबदारी महापालिकेची. दाता भिंती देतो, करदाता त्या राखतो.

मला हा मार्ग तिन्हींत सर्वांत व्यवहारी वाटतो. मृत्युपत्र एकदाच होते, कर दरवर्षी येतो, आणि मुंबईत पाऊसही दरवर्षी येतो. विलायती वास्तुशास्त्राच्या पुस्तकात न बसणारा तो पाऊस चार महिने भिंतीला ओल देतो, लोणा चढवतो, लोखंड फुगवतो. ज्या वास्तूला दर जूनच्या आत पन्हळी साफ करून घ्याव्या लागतात, तिचा भार एका उदार माणसाच्या एका सहीवर टाकणे अव्यवहारीच. पण म्हणून प्रश्न सुटला असे समजणाऱ्यांनी सरकारी अंदाजपत्रकाचा स्वभाव पाहावा. औषधे तोडली तर त्याच दिवशी ओरड होते, पगार तोडले तर संप होतो. दुरुस्ती तोडली तर तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत कुणी बोलत नाही. म्हणून हात आखडायची वेळ आली की कात्री आधी तिथेच चालते. ही कुणा अधिकाऱ्याची वाईट वृत्ती नव्हे. बेथलेमच्या सद्‌गृहस्थांनी हॉलंड यांच्या यादीतला थोडाच भाग मंजूर केला त्यामागेही हेच गणित होते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जेजे इस्पितळाच्या आवारात पाण्याची गळती कुठून होते ते तपासताना सुमारे दोनशे मीटर लांबीचे एक ब्रिटिशकालीन भुयार सापडले, त्याच्यावरच्या इमारतीची कोनशिला १८९० सालची. वर्तमानपत्रांनी त्यात इतिहासाचे कुतूहल शोधले. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेले: १३० वर्षे ज्या इमारतीत माणसे वावरली, तिच्या पोटात काय आहे हे गळती लागेपर्यंत ठाऊक नव्हते. इमारत काय आहे याची नोंदच नसेल तर दुरुस्तीचा अंदाज हॉलंड यांच्यासारखाच चुकणार. आणि आज दुरुस्ती म्हणजे कौले आणि गिलावा राहिलेली नाही. विजेच्या तारा, प्राणवायूच्या नळ्या, वातानुकूलन, लिफ्ट ही आजची छपरे आहेत. ती गळतात तेव्हा पाणी ठिबकत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळे गेली.

देखभालीसाठी उत्पन्न लावून देणे आपल्याकडे अपरिचित होते असे नाही. देवळाच्या इनामपत्रात दिवाबत्ती आणि नैवेद्याची तरतूद जमिनीच्या उत्पन्नाशी जोडलेली असे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि देवळे बांधली ती खासगी जहागिरीच्या उत्पन्नातून, आणि पुढचा वर्षासनाचा खर्चही त्याच उत्पन्नावर टाकला. अठराव्या शतकातल्या एका राज्यकर्तीला जे दिसत होते ते आजच्या दानाच्या नियमांत दिसत नाही. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या पैशांतून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कुणाच्या नावावर असावी, याचा नियम जानेवारी २०२१ मध्ये झाला. ती राखायची कुणी, हे त्यात नाही. चालू प्रकल्पाची कमाल मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे. तीन वर्षांत कुठल्याही नव्या इमारतीला सहसा तडा जात नाही, म्हणजे तडे मोजायला दाता हजर नसणारच. खासदार निधीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही देखभालीची कामे वर्ज्य होती. पैशाचा गैरवापर टाळायला ही बंधने घातली, आणि त्यामागचा संशयही निराधार नाही: डागडुजीच्या बिलात जितके खोटे लपते तितके कोनशिलेखाली लपवता येत नाही. पण यावर उपाय म्हणून कामाची मोजणी कडक करता येते. पैसाच बंद केला तर छप्पर गळतच राहते.

राहतो तो शेवटचा आक्षेप, आणि विश्वस्तांच्या बैठकीत तोच निर्णायक ठरतो. देणगीदारापुढे, इमारतीइतकाच देखभालीचा निधीही द्या, आणि तो आधी द्या, असे कलम ठेवले तर तो उठून दुसऱ्या संस्थेकडे जाईल, जिथे नुसता चेक देऊन दरवाजावर नाव येते. शक्य आहे, काही जातीलही. पण १७५१ च्या फिलाडेल्फियात वर्गणीदारांना कायद्यानेच सांगितले होते की तुमच्या मूळ रकमेतली एकही वीट तुम्हाला दिसणार नाही, ती व्याजाला लागेल आणि रोग्यांच्या जेवणात, औषधात विरून जाईल. शहर लहान होते, बंदरावर पोट भरणारे होते, आणि अट पुरी करायला हवे होते दोन हजार पौंड. जमले २,७०० हून अधिक.